टोक, कडं आणि एंगेज टोन

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण आहे सांगलीच्या मार्केट यार्डातलं एक हळदीचं अडत दुकान. नोकरी पुण्यात आणि गाव सांगली, त्यामुळे "आलाच आहेस तर जरा बघून जा" छापाची कामं गळ्यात पडतातच. शेठजींच्या तीन जुन्या लँडलाइन मी राउटरच्या व्हॉइस कार्डावर घेतल्या. हिशेबासाठी एक दाबा, सौद्यासाठी दोन दाबा वगैरे. रविवारी सगळं झकास. सोमवारी दुपारी शेठजींचा फोन: "साहेब, सकाळधरनं तिन्ही लायनी एंगेज लागत्यात. सौद्याच्या दिवशी माणसं दुसऱ्याकडं गेली की!"

आधी वायरिंगवर संशय घेतला. या कार्डांचे दोन प्रकार असतात. एफएक्सएस पोर्ट एक्स्चेंजचं सोंग घेतो: फोनला 48 व्होल्ट देतो, घंटा वाजवतो. एफएक्सओ पोर्ट फोनचं सोंग घेतो: घंटा ओळखतो आणि 'उचलतो'. दोघांचा जॅक दिसायला सारखाच, मधल्या दोन तारांचा. एक्स्चेंजची लाइन चुकून एफएक्सएसमध्ये गेली तर दोन बॅटऱ्या समोरासमोर. पण माझं ते बरोबर होतं.

त्या दोन तारांना आजही टिप आणि रिंग म्हणतात. मला कॉलेजात वाटायचं, रिंग म्हणजे घंटेची तार. तसं काही नाही! हाताने चालणाऱ्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर प्लग खुपसून दोन माणसं जोडून द्यायचे. प्लगच्या टोकाला एक तार, मागच्या कड्याला दुसरी. टोक आणि कडं, बस्स. आपल्या हेडफोनची पिन त्याच प्लगची नात.

बोलणं संपलं की माणूस फोन ठेवतो. पलीकडच्याने आधी ठेवला तर कानावर टोन येतो, मग आपण ठेवतो. सगळी व्यवस्था माणसाच्या कानावर बेतलेली. कार्डाने काय करायचं?

हे रडगाणं मामाला सांगितलं. मी शाळेत असताना त्याचा एसटीडी बूथ होता. सी-डॉट 1984 मध्ये सुरू झालं आणि त्यांचं 128 पोर्टांचं ग्रामीण एक्स्चेंज 1986 मध्ये पहिल्यांदा बसलं ते कित्तूरला, शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यात. एसी लागत नाही, धूळ-उकाडा सोसतं. पुढे एसटीडी गावोगाव पोचलं आणि पिवळ्या पाट्या उगवल्या. मामाच्या मशीनला बिल कधी सुरू करायचं ते कसं कळायचं? समोरच्याने उचललं की एक्स्चेंज त्या दोन तारांचं प्लस-मायनस उलटवायचं. त्याने ठेवलं की पुन्हा सुलट. लाइन घेताना अर्ज करून 'रिव्हर्सल' मागून घ्यावं लागायचं, हे मामाला अजून पाठ आहे.

पण हे जाणाऱ्या कॉलचं झालं. शेठजींकडे अडकत होते येणारे कॉल. मामा म्हणाला, "अरे, पण एंगेज टोन तर येतोच की. तुझं कार्ड बहिरं आहे काय?"

बहिरं नव्हतं, अमेरिकन होतं. तिकडचा एंगेज टोन 480 आणि 620 हर्ट्झचा मिळून, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला 400 हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण बंद. आपली दुहेरी ट्रिंग-ट्रिंगसुद्धा ब्रिटिश वळणाची; अमेरिकेत एकच लांब घंटा. समोरच्याने फोन ठेवला तरी माझं कार्ड पाऊण सेकंदाचे टोन मख्खपणे ऐकत लाइन धरून बसलं होतं. मी देश निवडायची सेटिंग तशीच सोडली होती. चूक शंभर टक्के माझी.

देश बदलून 'इंडिया' केला, टोन ओळखून लाइन सोडायला लावली. मग मामाने स्वतःच्या मोबाइलवरून दहा वेळा फोन लावला आणि दहाही वेळा मध्येच ठेवला. दरवेळी कार्डाचा हिरवा दिवा विझेपर्यंत मोठ्याने सेकंद मोजत होता.

शेठजींनी पुढच्या सोमवारपर्यंत पैसे दिले नाहीत. सौदा नीट पार पडल्यावर दिले, वर दोन किलो हळद.