पाटी, छडी आणि पदर

वैनगंगा ही दक्षिणेकडे वाहणारी नदी. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे मात्र ती वळण घेऊन काही अंतर उत्तरेकडे वाहते. म्हणून या ठिकाणाला महत्त्व आले, जुनी देवळे उभी राहिली आणि महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरू लागली. यात्रेत बांगड्यांची, खेळण्यांची, मिठाईची दुकाने लागतात. त्यांतली काही आपल्या लोकांची असतात. लहानपणी अशाच एका दुकानाच्या ताडपत्रीखाली बसून आम्ही मार्कंडेयाची कथा पहिल्यांदा ऐकली. मूल नसलेल्या आईबापांना विचारण्यात आले, दीर्घायुषी पण मंद मुलगा हवा की बुद्धिमान पण सोळाच वर्षे जगणारा? त्यांनी बुद्धिमान मुलगा मागितला. पुढे मृत्यू दारात आला तेव्हा त्या पोराने भिऊन शिवलिंगाला मिठी मारली.

कथेचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याने लावावा. आमच्या मनात राहिले ते आईबापांचे मागणे आणि पोराची मिठी. पुढे बरीच वर्षे शाळेत काढली. दरवर्षी पहिलीच्या वर्गाच्या दारात आईच्या पदराला मिठी मारून रडणारी मुले पाहिली, आणि ‘हुशार झाला पाहिजे’ म्हणून त्यांची बोटे सोडवणारे आईबापही पाहिले. मूल शाळेत येते ते एकटे येत नाही, घर सोबत घेऊन येते. घरी त्याच्याशी कसे बोलले जाते, चुकल्यावर काय होते, प्रश्न विचारला तर उत्तर मिळते की थप्पड, हे सगळे पहिल्या आठवड्यात वर्गात दिसू लागते. ही जाणीव जुनी आहे. आपल्या परंपरेतही ती आहे. मधल्या काळात आपण ती विसरलो.

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाखानी करण्याची रीत आहे. नवे कपडे, पाटी, उस्तादांच्या तोंडून ‘इक्रा’चे शब्द, मुलाने ते अडखळत म्हणायचे आणि मग मिठाई. समारंभ सुंदर आहे. मुलाच्या आयुष्यात शिक्षणाचा प्रवेश गोडाने आणि चार माणसांच्या कौतुकात व्हावा, हे ज्यांना सुचले त्यांना लहान मुलाचे मन कळत होते. पण दुसऱ्याच दिवशी मकतबात काय होत असे? आम्हाला आठवते, वडील आम्हाला घेऊन गेले आणि मौलवीसाहेबांना म्हणाले, ‘‘हड्डी हमारी, चमडी आपकी.’’ हे वाक्य आपल्यातल्या कितीतरी जणांनी स्वतःच्या कानांनी ऐकले असेल. ते बोलणारे वडील दुष्ट नव्हते. त्यांच्या वडिलांनीही त्यांना तसेच सोपवले होते. छडीखेरीज विद्या नाही हा समज फक्त आपला नव्हता. गावातील पंतोजींच्या शाळेतही तोच कारभार होता.

ही रीत इस्लामी तालीमची आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने इतिहास पाहावा. इ. स. ११११ मध्ये निधन पावलेल्या इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये मुलांच्या तरबियतीवर स्वतंत्र विवेचन केले आहे. मकतबातून सुटल्यावर मुलाला खेळू द्यावे, खेळ बंद करून सतत शिकायला लावले तर त्याचे मन मरते, असे ते सांगतात. पहिली चूक दिसली तर न पाहिल्यासारखे करावे, चारचौघांत पाणउतारा करू नये, सारखे बोलत राहिल्याने मूल बोलणी खायला सरावते, असेही त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी शिस्त सोडा असे म्हटलेले नाही. पण शिस्तीला माप असते हे त्यांना माहीत होते.

इब्न खल्दून यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दमा’ लिहिला. त्यात विद्यार्थ्यांशी कठोर वागल्याने होणाऱ्या नुकसानीवर एक प्रकरणच आहे. ज्या मुलाला जबरदस्तीने वाढवले जाते त्याचा उत्साह जातो, ते आळशी होते आणि मार टाळण्यासाठी खोटे बोलायला शिकते. पुढे तो खोटेपणाच त्याचा स्वभाव बनतो. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष घडते, असे त्यांनी बजावले आहे. तालीम आणि तरबियत असे दोन शब्द आपण वापरतो. पहिली उस्तादाकडे आणि दुसरी घरी, अशी त्यांची वाटणी करून आपण मोकळे झालो. या दोन विद्वानांनी तशी वाटणी केलेली नव्हती.

जवळजवळ सहा शतकांनी अमेरिकेतील डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांचे आणि त्यांच्या आईबापांचे निरीक्षण केले. १९६६-६७ च्या सुमारास त्यांनी पालकांचे तीन प्रकार मांडले. पहिले हुकमी: ‘मी सांगतो म्हणून कर’ असे म्हणणारे. दुसरे सैल: मूल म्हणेल ते होऊ देणारे. तिसरे समजुतीचे: मर्यादा घालणारे, पण तिचे कारण सांगणारे आणि मुलाचे ऐकून घेणारे. हुकमी घरातील मुले बुजरी आणि अविश्वासू दिसली. सैल घरातील मुलांना स्वतःवर ताबा ठेवणे आणि स्वतःच्या पायावर उभे राहणे जड गेले. समजुतीच्या घरातील मुले नव्या जागेत लवकर रुळली. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी यात चौथा प्रकार घातला, मुलाकडे लक्षच न देणाऱ्या पालकांचा.

आम्हाला वर्गातली मुले आठवतात. एक पोरगा दिवसभर हाताची घडी घालून बसे. सगळे म्हणत, किती गुणी! पण बाईंनी नाव घेतले की त्याची चड्डी ओली होई. दुसरा मधल्या सुट्टीत लहान मुलांना बुकलून काढी, कारण घरी ज्याचा हात मोठा त्याचेच चाले. एक मुलगी मात्र रडली चार दिवस, आणि पाचव्या दिवशी विचारू लागली, ‘‘गुरुजी, हे असंच का?’’ तिची आई निरक्षर होती, पण मुलीच्या प्रत्येक ‘का’ला तिच्याकडे काहीतरी उत्तर असे.

तरीही बॉमरिंडबाईंचे तीन-चार कप्पे जसेच्या तसे आपल्या गावावर ठेवता येत नाहीत. त्यांनी पाहिलेली घरे बहुतेक अमेरिकेतील मध्यमवर्गीय गोऱ्या लोकांची होती. शिवाय मुलाचा मूळ स्वभावही आईबापांना घडवत असतो. आणि आमच्या भागाचे एक वेगळेच गणित आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच धानाची रोवणी सुरू होते. नव्या मुलाचे शाळेतले पहिले आठवडे आणि आईचे चिखलात वाकून राहण्याचे दिवस एकच. मूल आठ वर्षांच्या बहिणीचे बोट धरून शाळेत येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मेमध्ये तेंदूपाने. आपल्यातल्या आठवडी बाजार करणाऱ्यांचे, गाडी चालवणाऱ्यांचे तेच. बाप अंधारात निघतो, अंधारात परततो. शाळा अशा घराच्या नावापुढे ‘पालकांचे दुर्लक्ष’ असा शेरा मारून मोकळी होते. पोटासाठी दूर असणे आणि दुर्लक्ष करणे यांतला फरक शेऱ्याच्या रकान्यात मावत नाही.

याच जंगलाच्या दक्षिण टोकाला, भामरागडच्या बाजूला, याहून मोठी उलथापालथ घडली. माडिया घरात लहान मुलाला मारण्याची रीत सहसा दिसत नाही. मूल मोठ्यांच्या मागे जंगलात, नदीवर, शेतावर हिंडत शिकते. थोडे मोठे झाले की गोटूलमध्ये, आपल्याहून मोठ्या मुलामुलींच्या सोबतीने शिकते. असे मूल सहाव्या वर्षी घरापासून दूर आश्रमशाळेत ठेवले की त्याला घंटा कळत नाही, रांग कळत नाही, गुरुजींची मराठी कळत नाही, आणि अंगावर हात का उगारला हे तर मुळीच कळत नाही. मग ते जंगलाची वाट धरून घरी पळते. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्पाचे काम सुरू केले आणि १९७६ मध्ये तेथे आश्रमशाळा निघाली. तेथूनही सुरुवातीला मुले पळून जात. पण पळालेल्या मुलांना बिनसंस्कारी ठरवून शाळा बंद झाली नाही. शिकवणाऱ्यांनी माडिया भाषा शिकून घेतली, घरच्यांशी नाते जोडले. त्याच शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले.

ज्या मुलांना घरी मार माहीत नव्हता, त्यांना शाळेने ‘रानटी’ म्हटले. ज्यांना घरीच मार खायची सवय होती, त्यांना ‘शिस्तीचे’ म्हटले. शाळेचा हा निवाडा किती उलटा होता!

दुसरी वाट डहाणू तालुक्यात तयार झाली होती. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. तेथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाईंच्या जोडीने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मॉन्टेसरीबाईंची पद्धत तोवर शहरातील सुखवस्तू घरांपुरती होती. ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी आयुष्य घातले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडेनात, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. मोठ्या मुली धाकट्या भावंडांमुळे अडकतात हे पाहून पाळणाघर शाळेला जोडले. गुरे राखणारी पोरे येईनात म्हणून कुरणातच शाळा भरवली. मुलाचे घर बदलेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. शाळेनेच घराकडे चार पावले टाकली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. आज आपल्या मोहल्ल्यातही अंगणवाडी आहे. या शब्दामागे आईच्या नजरेसमोर असलेले अंगण आहे, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. ‘चमडी आपकी’ म्हणण्याचा अधिकार आता कोणत्याही बापाला उरलेला नाही आणि ती घेण्याचा अधिकार गुरुजींनाही नाही. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. घराच्या उंबरठ्याआत आपल्यालाच जावे लागेल.

आम्हाला एक भाषेचे दुखणेही मांडायचे आहे. आपल्या घरात पूर्व विदर्भाची हिंदी बोलली जाते, मकतबात अरबी अक्षरे, शाळेत मराठी किंवा उर्दू. पाच वर्षांचे मूल तीन दारांतून तीन जिभा घेऊन फिरते. ते शाळेत गप्प बसले तर त्याला मठ्ठ म्हणू नये. गोंडी मुलाचेही तेच दुखणे आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि तो नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पण मुलाने शाळेत पहिले पाऊल ठेवताना त्याला ओळखीचा शब्द ऐकू यावा, एवढीच त्या गावाची मूळ मागणी होती. आपल्या मोहल्ल्याने तेवढी तरी मागणी कधी केली आहे का?

उपाय फार मोठे नाहीत. शाळा सुरू होण्याआधी आईने किंवा दादीने मुलाला दोन-चारदा शाळा दाखवून आणावी. ‘थांब, गुरुजींना सांगते’ हे भय घालणे आजच बंद करावे, कारण त्या एका वाक्याने आपण गुरुजींना पोलीस करून ठेवतो. मुलाच्या ‘क्यों’ला उत्तर द्यावे; येत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारू या’ असे म्हणावे. नको ते नको म्हणावे, पण का नको ते सांगावे. आणि बाजारातून रात्री परतलेल्या अब्बांनी दमले असले तरी ‘आज काय शिकलास?’ याऐवजी ‘आज कोणाशी खेळलास?’ असे विचारून पाहावे. मूल दुसऱ्या प्रश्नाला लवकर बोलते, हा आमचा अनुभव आहे.

ज्या वडिलांनी आम्हाला ‘हड्डी हमारी’ म्हणून सोपवले, त्यांनी म्हातारपणी नातवाला मकतबात नेले. आम्ही मागे उभे होतो. जुने वाक्य त्यांच्या ओठांवर आले असावे. क्षणभर थांबून ते म्हणाले, ‘‘मौलवीसाहेब, बच्चा डरता है. जरा प्यार से.’’ गझालींचा ग्रंथ त्यांनी कधी वाचलेला नव्हता.