धावा मोजता येतात, काळ कसा मोजायचा?

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये भजन आटोपलं की वाद सुरू होतात. त्यातला सगळ्यात जुना वाद म्हणजे गावस्कर मोठा की तेंडुलकर? आमच्या डब्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ या दोघांनाही बाजूला सारून विजय मर्चंटांचं नाव घेत. मग मुलुंड येईपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नसे. आता त्याच डब्यात तरुण मुलं विराट आणि रोहितवरून भांडतात. नावं बदलली, भांडण तेच आहे.

हे वेड केवळ आपल्यालाच आहे असं समजू नका. अमेरिकेत बास्केटबॉलवरून असंच रण माजतं. विल्ट चेंबरलेननं २ मार्च १९६२ रोजी एकट्यानं एका सामन्यात १०० गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५० गुणांच्या वर होती. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये तेव्हा अवघे नऊ संघ होते आणि लांबून केलेल्या गोलाला तीन गुण देण्याचा नियम यायला अजून सतरा वर्षं होती. मग त्याची तुलना मायकेल जॉर्डनशी कशी करायची? आणि २०२३ मध्ये करीम अब्दुल जब्बारचा एकूण गुणांचा विक्रम मोडणाऱ्या लेब्रॉन जेम्सशी तरी कशी? खेळ तोच, मैदान तेवढंच, पण त्यातलं बाकी सगळं बदललेलं.

आपल्याकडे हा प्रश्न अगदी टोकाला गेला तो कल्याणात. ४ आणि ५ जानेवारी २०१६ या दोन दिवसांत भंडारी चषक आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलानं नाबाद १००९ धावा काढल्या. ३२७ चेंडू, १२९ चौकार, ५९ षटकार. रिक्षाचालकाच्या या मुलाचं नाव एका रात्रीत जगभर पोहोचलं. शाळेनं ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. म्हणजे विजय एक डाव आणि १३८२ धावांनी!

या खेळीनं जो विक्रम मोडला तो ११६ वर्षांचा होता. जून १८९९ मध्ये इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानं नाबाद ६२८ धावा केल्या होत्या. गंमत पाहा, हा कॉलिन्स जन्मला होता आपल्या हजारीबागला. त्याचे वडील इथे न्यायाधीश होते. तो सामना म्हणजे एकाच शाळेतल्या दोन हाऊसचा घरगुती सामना. खेळ दुपारच्या मोकळ्या वेळात होई, त्यामुळे डाव कित्येक दिवस लांबला. मैदानाची एक बाजू उताराची, तिथे सीमारेषाच नाही, धावा पळूनच काढायच्या. दुसऱ्या बाजूला जागा इतकी कमी की तिकडे सीमापार गेलेल्या फटक्याला दोनच धावा. कॉलिन्सच्या धावांत १४६ दुहेरी धावा आहेत त्या उगीच नव्हेत. षटकार फक्त एक.

आता कल्याणचं मैदान आठवा. एका बाजूची सीमारेषा बरीच जवळ, पण तिथून पलीकडे गेलेल्या चेंडूला चार आणि सहा धावा पूर्ण मिळत होत्या. समोर गोलंदाजी करणारी बरीच मुलं प्रणवपेक्षा लहान. यावरून तेव्हा खूप टीका झाली. ती मला पूर्ण पटत नाही. कॉलिन्सपुढे तरी कोण मोठे गोलंदाज होते? त्याच्या विरुद्ध संघाचे डावही ८७ आणि ६१ धावांतच संपले होते. शंभर वर्षं उलटली की मैदानाचा उतार, गोलंदाजांचं वय, क्षेत्ररक्षकांचे सुटलेले झेल सगळं पुसलं जातं आणि आकडा तेवढा राहतो. जुन्या विक्रमाला आपण आख्यायिका म्हणतो आणि नव्याकडे भिंग घेऊन बघतो.

पण मग मोठेपणा मोजायचा कशानं? माझ्या मते एक साधी कसोटी आहे. खेळाडूला त्याच्याच काळातल्या लोकांच्या रांगेत उभं करावं आणि तो इतरांच्या किती पुढे आहे ते पाहावं. ब्रॅडमनची ९९.९४ ही सरासरी त्यामुळेच आजही अचंबित करते. त्याच्या वेळच्या उत्तम फलंदाजांची सरासरी पन्नास-साठच्या घरात होती. आपले विजय मर्चंट याच कसोटीवर उजळून निघतात. प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांची सरासरी ७१ च्या वर. दीर्घकाळ खेळलेल्या फलंदाजांत त्यांच्यापुढे फक्त ब्रॅडमन. रणजी करंडकात तर मर्चंटांची सरासरी ९८.७५ होती.

आणि कसोटी सामने किती मिळाले या माणसाला? दहा. १९३३ मध्ये पहिला, १९५१ मध्ये शेवटचा. अठरा वर्षांत दहा! १९३६ ते १९४६ या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही, त्यातली बरीच वर्षं जग महायुद्धात होतं. मर्चंटांची ही वयाची पंचविशी ते पस्तिशी, फलंदाजाच्या आयुष्यातली सोन्याची वर्षं. शेवटच्या कसोटीत, दिल्लीला, चाळिशीत त्यांनी १५४ धावा काढल्या. तेंडुलकर २०० कसोटी खेळला, १५,९२१ धावा आणि ५१ शतकं. गावस्कर १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं, आणि त्यातली बरीच वर्षं डोक्यावर हेल्मेट नाही. या तिघांना एका तराजूत घालायचं तर वजनं कुठून आणायची?

या कसोटीतही एक खोट आहे, तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. खेळाडू आपल्या काळातल्या लोकांच्या पुढे होता हे खरं, पण त्या काळात मैदानावर येऊ कुणाला दिलं होतं? मर्चंट ज्या पंचरंगी सामन्यांत खेळले ते हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन अशा संघांत होत. त्याआधी पळवणकर बाळू यांच्यासारखा डावखुरा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला, तरी दलित म्हणून हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. भाऊ विठ्ठल याला ते मिळेपर्यंत १९२३ साल उजाडलं. भारताची पहिली कसोटी झाली १९३२ ला, तेव्हा बाळूंचं खेळण्याचं वय केव्हाच सरलं होतं. कसोटीच्या आकडेवारीत हा माणूस सापडतच नाही.

आपल्या बाजूचंच बघा. त्या काळात कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या पोरानं क्रिकेटपटू व्हायचं ठरवलं असतं तर तो कुठे गेला असता? सगळी जिमखान्यांची मैदानं मुंबईत. डोंबिवलीत वाढलेल्या अजिंक्य रहाणेला पुढे सरावासाठी मुंबई गाठायला लोकल होती, घरच्यांचा पाठिंबा होता. २०२० च्या डिसेंबरात त्यानं मेलबर्नला कर्णधार म्हणून शतक ठोकलं आणि पुढच्या महिन्यात ब्रिस्बेनला मालिका जिंकून दिली. रहाणे मोठा की मर्चंट, हा प्रश्न मला म्हणूनच थोडा अन्यायाचा वाटतो. रहाणे कोट्यवधी मुलांतून वर आला. मर्चंटांच्या वेळी स्पर्धाच ठरावीक लोकांत होती. दुसरीकडे, मर्चंटांकडे ना आजच्यासारखे प्रशिक्षक होते ना वर्षभराचे सामने. एका बाजूचं पारडं जड करावं तर दुसऱ्या बाजूनं काहीतरी काढून घेतलेलं दिसतं.

राहता राहिला प्रणव. मुंबई क्रिकेट असोसिएशननं त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. पुढे त्याच्या धावा आटल्या, तेव्हा २०१७ मध्ये त्याच्या वडिलांनी ती आपणहून थांबवायला सांगितलं. एवढ्या सचोटीनं वागणारा बाप मला त्या १००९ धावांइतकाच मोठा वाटतो. कॉलिन्सही पुढे क्रिकेटमध्ये चमकला नाही. तो सैन्यात गेला आणि ११ नोव्हेंबर १९१४ रोजी पहिल्या महायुद्धात मारला गेला. वय एकोणतीस.

या दोघांच्या मध्ये मला कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आठवतात. डिसेंबर १९४८, पुणे क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचा नाबाद ४५२. दहा धावा हव्या होत्या. विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांनी सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला. आपल्या संस्थानाचं नाव अशा विक्रमाला चिकटू नये, ही भीती असावी. महाराष्ट्राची धावसंख्या त्या वेळी ४ बाद ८२६ होती.

पुढे हनीफ महंमदनं १९५९ मध्ये ४९९ केल्या आणि ब्रायन लारानं १९९४ मध्ये नाबाद ५०१. निंबाळकर कसोटी एकही खेळले नाहीत. डिसेंबर २०१२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षात पदार्पण करायला नव्हे तर ते पूर्ण व्हायला एक दिवस उरलेला असताना, ते गेले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयानं केलेली सर्वांत मोठी खेळी आजही त्यांच्याच नावावर आहे.