लीजवरची गाडी आणि इव्ही-वनची गोष्ट

ऑफिसात हल्ली चहाच्या वेळी एकच विषय: इलेक्ट्रिक गाडी लीजवर घ्यावी का? मीही काल एक्सेल उघडून बसलो. हप्ता, टॅक्स, पेट्रोलची बचत... सगळं मांडून झालं आणि आठवली ती जनरल मोटर्सची ‘इव्ही-वन’.

१९९० साली कॅलिफोर्नियाने नियम केला, की १९९८ पासून मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांपैकी २ टक्के तरी अजिबात धूर न सोडणाऱ्या हव्यात. (पुढे तो बदलत गेला आणि २००३ मध्ये बराच सैल झाला.) या नियमाच्या रेट्यात १९९६ च्या डिसेंबरात इव्ही-वन लॉस एंजेलिस, सॅन दिएगो, फिनिक्स आणि टुसॉनमध्ये आली. पण विकत नाही, फक्त लीजवर! कागदोपत्री किंमत सुमारे ३४,००० डॉलर, हप्ता महिना ३९९ ते ५४९ डॉलर.

आता हिशेब बघा. ३९९ चे ३६ हप्ते म्हणजे १४,३६४ डॉलर, किमतीच्या निम्म्याहूनही कमी. उरलेल्या वीसेक हजारांची काळजी कंपनीची. आणि ती काळजी खरी होती बरं का! पहिल्या गाड्यांत लेड-ॲसिड बॅटरी होती. १९९९ च्या मॉडेलला निकेल-मेटल हायड्राइड मिळाली आणि एका चार्जमधलं अंतर बरंच वाढलं. जुनी गाडी कुणी विकत घेतली असती, तर तीन वर्षांत ती कवडीमोल झाली असती. म्हणजे लीज फायद्याचीच.

मग बिनसलं कुठे? मुदत संपल्यावर गाडी विकत घ्यायची सोयच करारात नव्हती. एकूण १,११७ गाड्या बनल्या. २००३ मध्ये कंपनीने कार्यक्रम गुंडाळला, गाड्या परत घेतल्या आणि थोड्या संग्रहालयांना वगैरे देऊन बाकीच्या बहुतेक चिरडून टाकल्या. २००५ मध्ये बरबँकच्या आवारात उरलेल्या ७८ गाड्यांसाठी चाहते प्रत्येकी २४,००० डॉलर द्यायला तयार होते. कंपनी नाही म्हणाली. सुटे भाग मिळणार नाहीत, हे एक कारण.

टोयोटाची ‘रॅव्ह-फोर ईव्ही’ही आधी लीजवरच होती. पण २००२ मध्ये त्यांनी काही गाड्या लोकांना विकल्या. त्यातल्या कित्येक पुढे वर्षानुवर्षं रस्त्यावर होत्या.

असो. माझ्या एक्सेलमध्ये आता एक ओळ वाढली आहे: ‘मुदतीनंतर गाडी कितीला मिळणार, आणि ते आज लिहून देणार का?’ करारात ती जागा कोरी आहे. सोमवारी एचआरला आधी तेवढंच विचारतो. सही नंतर.