गुरांचे औषध ते डीएनएचा रंग



मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेकडे वळली की घरात काळजीने विचारले जाते, "तिथली रसायने धोक्याची तर नसतात ना?" या प्रश्नाचे उत्तर इथिडियम ब्रोमाइड या रसायनाच्या इतिहासात सापडते.

१८६९ साली जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर या तरुण संशोधकाने जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून पेशीकेंद्रातील एक पदार्थ वेगळा केला. तोच पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला. पण तो डोळ्यांना दिसावा कसा? १९२४ साली फॉयल्गेन व रोसेनबेक यांनी त्याला लाल-जांभळा रंग देण्याची रीत शोधली.

इथिडियम मात्र १९५२ साली पुढे आले ते गुरांचे औषध म्हणून. आफ्रिकेत त्सेत्से माशीच्या दंशाने ट्रिपॅनोसोम नावाचे सूक्ष्म जीव गुरांच्या रक्तात शिरतात व जनावर खंगत जाते. त्यावर हे औषध देत. पुढे कळले की याचा चपटा रेणू डीएनएच्या शिडीत दोन पायऱ्यांमध्ये जाऊन बसतो आणि अतिनील किरण पडताच नारिंगी चमकतो. १९७२-७३ च्या सुमारास संशोधकांनी हा गुण अ‍ॅगारोज जेलमधील डीएनए पाहण्यासाठी वापरला. मिलिलिटरला ०.५ मायक्रोग्रॅम एवढे त्यास पुरते.

परंतु जो गुण उपयोगाचा, तोच धोक्याचाही. शिडीत अशी पाचर बसली की डीएनएची नक्कल होताना चूक होऊ शकते. जिवाणूंवरील एम्स चाचणीत, यकृताच्या अर्काबरोबर दिले असता, या रसायनाने जनुकांत बदल घडविले. माणसांत त्याने कर्करोग होतो असे सिद्ध झालेले नाही. तरी सावधगिरी सोडण्यास ते कारण नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, नायट्राइलचे हातमोजे घाला. त्याच हातांनी पेन किंवा दाराची मूठ धरू नका. भुकटी हुंगली जाणार नाही याची दक्षता घ्या. अतिनील किरणांनी डोळे व कातडी भाजते, तेव्हा योग्य चष्मा व मुखपट आवश्यक आहे. उरलेले द्रावण मोरीत ओतू नका. ते वेगळे साठवून शिक्षकांच्या स्वाधीन करा. सायबर सेफसारखे कमी घातक रंग आता मिळतात, पण तेही हातमोजे घालूनच हाताळावेत.

पालकांनो, आपल्या मुलीला प्रयोगशाळेत जाऊ द्या. घरी आल्यावर मात्र तिला जरूर विचारा, "आज बाटलीवरची सूचना वाचलीस का?" तिला अडविण्यापेक्षा हा प्रश्न तिचे अधिक रक्षण करील.