सेयल खिमा

सिंधी स्वयंपाकातील सुक्या खिम्याचा प्रकार. कांदा, लसूण, आले, कोथिंबीर व हिरव्या मिरचीच्या वाटणात, पाणी जवळजवळ न घालता पदार्थ मंद आचेवर शिजवणे, ही सेयल पद्धत. मटण, मासे, बटाटे, एवढेच नव्हे तर शिळा पावही याच रीतीने करतात.

फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण केले. शहाड स्थानकाजवळचा कॅम्प १ हा तिच्या पाच कॅम्पांपैकी एक. वसाहतीबरोबर सिंधी स्वयंपाकही इथे रुजला.

अर्धा किलो मटणाच्या खिम्याला पाव किलोहून अधिक कांदा लागतो. इथे काटकसर करू नये. खिमा धुतल्यास चाळणीत पूर्ण निथळावा, नाहीतर परतण्याऐवजी तो उकडतो. वाटण, हळद, धणेपूड व टोमॅटो घालून झाकण ठेवावे. आधी पाणी सुटते, मग आटते. कडेला तेल दिसू लागले की खिमा झाला. भाजलेला प्रकार हवा असल्यास तो ओव्हनच्या भांड्यात दाबून, वर फेटलेली अंडी ओतून, १८० अंश सेल्सिअसला अंडी घट्ट होईपर्यंत ठेवावा. हा सेयलचा पारंपरिक भाग नव्हे. पारशांचा खिम्यावरील अंड्यांचा पदार्थ आणि दक्षिण आफ्रिकेतील केप मलाय समाजाची बोबोटी त्याला जवळची. बोबोटीत दुधात भिजवलेला पावही मिसळतात.

सेयल खिमा पाव किंवा फुलक्यांबरोबर खातात.