आत्याचं मशीन

आमच्या घरात शिवणाचं मशीन आलं ते १९८६ च्या दिवाळीनंतर. बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर ते आडवं टाकलेलं आणि त्याला एका हातानं धरून आत्या गाडीमागून चालत आलेली. मी तेव्हा चौथीत होतो.

आमचा माण तालुका, म्हणजे पावसाची वाट बघण्यात हयात जायची. बहात्तरच्या दुष्काळात आत्या, लग्नाआधीची पोर, आजीबरोबर खडी फोडायला जात होती. अठ्ठाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि दोन लेकरं घेऊन ती माहेरी परतली. त्यानंतर खुरपणी, काढणी, जे मिळेल ते.

शिवणाचा क्लास देवळामागच्या खोलीत भरायचा. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘ट्रायसेम’. १५ ऑगस्ट १९७९ ला सुरू झालेली केंद्राची योजना. गरीब घरांतल्या १८ ते ३५ वयाच्या माणसांना धंदा शिकवायचा, शिकताना थोडं विद्यावेतन द्यायचं, मग ‘आयआरडीपी’तून बँकेचं कर्ज. शेतमजुराला किमतीचा तिसरा हिस्सा अनुदान.

कल्पना मात्र जुनी. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं, कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम. रमाबाई रानडे १९०१ साली स्वतः विधवा झाल्या आणि १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथं शिवणाचे वर्ग चालत. तो धागा पुण्याहून आमच्या देवळामागं यायला पाऊण शतक लागलं. बाईला शिवणच का शिकवायचं, हे मला पटतंही आणि खटकतंही. घरात बसून, कुणाच्या डोळ्यांवर न येता होणारं काम, म्हणून तर नव्हे?

शिवणबाई एसटीनं यायच्या. आधी जुन्या वर्तमानपत्रावर कटिंग, मग झबलं, परकर, शेवटी ब्लाउज. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण टेपवरचे आकडे तिनं आठवड्यात ओळखीचे केले. मुंढा काही जमेना. रात्री चिमणीच्या उजेडात ती माझ्या जुन्या सदऱ्याच्या बाह्या उसवायची आणि परत जोडायची.

मशीन आलं, गिऱ्हाईक आलं नाही. लंगोट-झबली, फाटकी चादर, एवढंच यायचं, तेही बदल्यात पायलीभर बाजरी देऊन. लग्नाचा ब्लाउज कोण देणार? नवरीच्या अंगाला विधवेचा हात लागलेला चालत नव्हता. हे क्लासमध्ये कुणी शिकवलं नव्हतं, आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याला होता.

वाट निघाली ती बाजारातल्या शिंप्याकडून. वैशाखात त्याला काम उरकेना. तो रात्री गठुडं आणून टाकायचा, आत्या शिवायची, पहाटे तो घेऊन जायचा. शिलाई अर्धी, नाव त्याचं. दोन वैशाख गावातल्या कितीतरी नवऱ्या आत्याच्या हातचे ब्लाउज घालून बोहल्यावर चढल्या. हळद लावणाऱ्या बायकांना पत्ता नव्हता.

तिसऱ्या वर्षी एका नवरीला ब्लाउज दंडात चढेना. शिंपी परगावी गेलेला. दुकानातल्या पोरानं घाबरून आमचं घर दाखवलं. नवरीची आई उंबऱ्याबाहेरच थांबली. सगळं तिच्या ध्यानात आलं असावं.

“आत ये गं वहिनी,” आत्या म्हणाली, “मीच शिवलाय त्यो. इंचभर माया सोडलीया, बस जरा.”

ती बसली नाही, उभीच राहिली. आत्यानं दोन्ही बाह्या उसवल्या, मायेतून कापड सोडलं, शिलाई मारून दिली. बाईनं पाचाची नोट पुढं केली. आत्यानं ती परत केली. “शिलाई दुकानात पोचलीया.”

पुढच्या लेकीच्या लग्नाचं कापड ती बाई थेट आमच्याकडं घेऊन आली. पण आली ती दिवेलागण झाल्यावर, पदराखाली झाकून.