शिकागोची तळघरे

शिकागो शहराच्या जुन्या वस्त्यांत मुसळधार पाऊस कोसळू लागला की अनेक घरांत पाणी छपरातून येत नाही, दारातूनही येत नाही. ते तळघराच्या फरशीतील मोरीतून वर येते. आधी गुळगुळ आवाज होतो, मग जाळीभोवती काळपट वर्तुळ पसरते आणि पाहता पाहता घोटाभर पाणी साचते. ते निव्वळ पावसाचे नसते. त्यात शेजारपाजारच्या घरांतील संडासांचे आणि स्वयंपाकघरांचे पाणीही मिसळलेले असते. घरमालकाची हयगय किंवा प्लंबरची चूक असे त्याचे स्पष्टीकरण सहसा दिले जाते. आमच्या मते या पाण्याचे मूळ १८५५ साली ठरलेल्या एका योजनेत आहे, आणि ती समजल्याशिवाय आजचे उपाय नीट उमगत नाहीत.

आपल्याकडे घर म्हणजे जोत्यावर चढलेले. घराखाली आणखी एक मजला असण्याचे आपल्याला नवल वाटते. तिकडच्या कडाक्याच्या हिवाळ्यात जमीन तीन-साडेतीन फुटांपर्यंत गोठू शकते. गोठलेली माती फुगते आणि वरचा पाया उचलून धरते. म्हणून पाया त्याहून खोल न्यावा लागतो. एवढे खणायचेच तर आणखी थोडे खणून एक खोली पदरात पाडून घ्यावी, असा हा हिशेब आहे. या खोलीत घर उबदार ठेवणारी भट्टी, पाण्याचा बंब आणि कपडे धुण्याचे यंत्र असते. लग्नाचे फोटो आणि थोरामोठ्यांच्या ट्रंका तेथेच ठेवलेल्या असतात. कित्येकदा एखादा भाडेकरूही तेथे राहतो.

मिशिगन सरोवराच्या काठी दलदलीच्या सपाट भूमीवर हे गाव वसले. सरोवराच्या पातळीहून ते जेमतेम काही फूट उंच होते. १८३६ ते १८४८ या काळात इलिनॉय-मिशिगन कालवा खणला गेला. त्यात आयर्लंडहून आलेल्या कॅथलिक मजुरांनी घाम गाळला. कालव्याने आणि पाठोपाठ आलेल्या रेल्वेने गावाचे शहर केले. परंतु जिथे जमिनीला उतारच नाही तिथे सांडपाणी वाहणार कोठे? १८४९ पासून पटकीच्या साथी येऊ लागल्या आणि १८५४ च्या साथीने हजारावर माणसे नेली. दुसऱ्या वर्षी राज्याच्या विधिमंडळाने गटार आयुक्तांचे मंडळ नेमले. मंडळाने बॉस्टन शहराचे अभियंते एलिस चेसब्रो यांना पाचारण केले.

चेसब्रो यांचा तोडगा धाडसी होता. जमिनीखाली उतार मिळत नसेल तर तो जमिनीच्या वर तयार करावा! रस्त्याच्या मधोमध विटांची गटारे बांधायची, त्यांच्यावर माती टाकायची आणि त्या भरावावर नवा रस्ता करायचा. काही ठिकाणी रस्ते आठ-दहा फुटांपर्यंत वर गेले. अवघ्या शहराचेच जोते उंचावण्याचा हा खटाटोप होता. मग इमारतींनाही वर येणे भाग पडले. १८६० साली लेक स्ट्रीटवरील दुकानांची एक सलग रांग सुमारे ६००० स्क्रू जॅक लावून उचलण्यात आली. आत दुकानदारी चालूच होती. पुढे रेल्वेच्या शयनयानांमुळे नावारूपास आलेले जॉर्ज पुलमन त्या वेळी याच धंद्यात होते.

ही कथा शिकागोकर अभिमानाने सांगतात आणि ती सांगण्यासारखी आहेही. मात्र तिचा दुसरा भाग फारसा सांगितला जात नाही. जॅक लावून घर उचलणे सर्वांना परवडणारे नव्हते. रस्ता वर गेला आणि मजुरांची लाकडी घरे होती तिथेच राहिली. झेक स्थलांतरितांनी वसविलेल्या पिल्सन भागात आजही असे अंगण दिसते जे पदपथाच्या कितीतरी खाली आहे. वरच्या मजल्याचे दार पुलासारख्या पायऱ्यांनी रस्त्याला जोडलेले असते. जो तळमजला होता, तो तळघर झाला. म्हणजे या घरांतील माणसांनी तळघर खणलेच नव्हते. गटाराने ते त्यांच्या पदरी घातले.

योजनेचा दुसरा पैलू याहून दूरगामी ठरला. पावसाचे पाणी आणि घरांतील मैला एकाच गटारातून न्यावा, असे ठरले. तो मूर्खपणा नव्हता. दोन नळ घालण्याचा खर्च वाचत होता आणि पावसाच्या लोंढ्याने गटार आपोआप धुऊन निघत होते. त्या काळी आजूबाजूला गवताळ जमीन होती. तिच्यात पुष्कळ पाणी जिरत असे. पुढे रस्ते फरसबंदी झाले, छपरे दाटली, आणि छपरांच्या पन्हळींचे नळही गटारालाच जोडले गेले. थोड्या वेळात जास्त पाऊस पडला की गटार तुडुंब भरते. पाणी नेहमी आपली पातळी शोधते. रस्त्याखाली ते जितके चढते, तितकेच घराच्या नळातूनही मागे चढते. तळघरातील मोरी हे त्याला सापडणारे सर्वांत खालचे तोंड असते.

इकडे ही गटारे नदीत रिकामी होत होती, नदी सरोवरात जात होती, आणि शहर सरोवराचेच पाणी पीत होते. १८६७ साली सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणून दूरचे पाणी आणले गेले, तरी विषमज्वराने पाठ सोडली नाही. एकट्या १८९१ साली त्याने सुमारे २००० बळी घेतले. (१८८५ च्या अतिवृष्टीनंतर साथीत नव्वद हजार माणसे दगावली, अशी एक कथा पुष्कळ ठिकाणी छापलेली आढळते. ती खरी नाही.) शेवटी १८८९ मध्ये स्वतंत्र स्वच्छता मंडळ स्थापन झाले. त्याने २८ मैलांचा कालवा खणून २ जानेवारी १९०० रोजी नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शहराचा मैला आता सरोवराऐवजी मिसिसिपीच्या दिशेने निघाला. त्या नदीकाठी सेंट लुइस शहर आहे. मिझुरी राज्याने त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९०६ साली निकाल शिकागोच्या बाजूने लागला. शिकागोचे पिण्याचे पाणी वाचले, पण आपली घाण शेजाऱ्याच्या दारी गेली, एवढे इतिहासाने नमूद करायला हवे.

१९३८ साली नदीच्या मुखाशी जलद्वारे बसविण्यात आली. त्यांच्याबरोबर एक कठीण निवड आली. अतिवृष्टीत नदी भरून वाहू लागली की द्वारे बंद ठेवल्यास गटारे मागे फिरून तळघरांत शिरतात. ती उघडल्यास मैला पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जातो. १९५४ च्या ऑक्टोबरात हा पेच उभा राहिला, आणि १८ एप्रिल २०१३ रोजीही. दोन्ही वेळा द्वारे उघडावी लागली.

१९७२ साली स्वीकारलेल्या योजनेने यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. गटारांतील जादा पाणी दीडशे ते तीनशे फूट खोल खडकातील बोगद्यांत सोडावे, साठवावे आणि पाऊस ओसरल्यावर शुद्धीकरण केंद्राकडे उपसावे, अशी ती कल्पना. १०९ मैल लांबीचे बोगदे १९७५ पासून २००६ पर्यंत खणले गेले. २०१५ साली थॉर्नटन येथील चुनखडीच्या जुन्या खाणीतला प्रचंड जलाशय वापरात आला. त्यात सुमारे ३००० कोटी लिटर पाणी मावते. मॅककुक येथील जलाशयाचा पहिला भाग २०१७ साली सुरू झाला.

परंतु बोगद्यापर्यंत पोहोचण्याआधी पाण्याला रस्त्याखालच्या जुन्याच नळांतून जावे लागते. ते नळ अपुरे पडले तर खाली समुद्राएवढी जागा मोकळी असूनही तळघर भरतेच. म्हणून घरोघरीचे उपाय टळत नाहीत. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मोरीच्या तोंडात तीनेक फुटांचा उभा नळ घट्ट बसविणे. पाणी फरशीवर न पसरता नळात चढते. मात्र दाब फार वाढला तर जुनी फरशी तडकते, आणि तळघरात संडास किंवा धुण्याची मोरी असली तर पाणी तेथून बाहेर पडते. दुसरा उपाय रस्त्याकडे जाणाऱ्या नळावर उलट्या प्रवाहाने मिटणारी झडप बसविण्याचा. ती मिटलेली असताना घरातलेही पाणी बाहेर जात नाही. त्या तासात कोणी आंघोळ केली वा संडासाची साखळी ओढली, तर माणूस आपल्याच पाण्याने आपले तळघर भरतो. झडपेत कचरा अडकला तर ती मिटतही नाही, म्हणून वेळोवेळी उघडून साफ करावी लागते. सर्वांत भरवशाचा आणि सर्वांत महाग उपाय म्हणजे घराचा मुख्य नळ तळघराच्या छताजवळून बाहेर काढणे. तळघरातले पाणी खड्ड्यात गोळा करून पंपाने वर चढवायचे. रस्त्यातले पाणी एवढ्या उंचीवर चढणे कठीण. पण वादळात वीज जाते, तेव्हा पंपाला बॅटरीची जोड हवीच.

या उपायांबाबत एक गोष्ट आम्हाला विचार करण्यासारखी वाटते. झडप एका घराचे रक्षण करते, गटारातले पाणी कमी करीत नाही. अडलेले पाणी झडप नसलेल्या घराकडे वळते, आणि ते घर बहुधा कमी पैसेवाल्याचे असते. याउलट पन्हळीचा नळ गटारापासून तोडून पाणी हिरवळीवर सोडले तर सगळ्या गल्लीचा भार हलका होतो. पाणी मात्र घराच्या भिंतीपासून लांब सोडावे, नाहीतर तेच भिंतीतून पाझरते. नगरपालिकेनेही रस्त्याकडेच्या गटारतोंडांत अरुंद अडसर बसविले. त्यामुळे पाणी काही काळ रस्त्यावर थांबते आणि सावकाश खाली उतरते. मोटारींची चाके भिजतात म्हणून लोक कुरकुरले. रस्त्यावरचे पाणी तळघरातल्या मैल्यापेक्षा बरे, हे पटायला थोडा काळ गेला.

२ जुलै २०२३ रोजी शहराच्या पश्चिम भागात आणि लगतच्या सिसेरो व बर्विन या उपनगरांत काही तासांत अतोनात पाऊस झाला. जलद्वारे पुन्हा उघडावी लागली आणि हजारो तळघरांत गटारे उलटली. ऑगस्टमध्ये संघराज्य शासनाने कुक परगण्यासाठी आपत्ती जाहीर केली. मॅककुकच्या जलाशयाचा दुसरा, मोठा भाग २०२९ पर्यंत पूर्ण होणे अपेक्षित आहे. रस्त्याखालचे नळ मात्र ठिकठिकाणी शंभर वर्षांपूर्वीचेच आहेत, आणि तळघरांच्या मोऱ्या त्यांनाच जोडलेल्या आहेत.